परसबागेत लेट्यूस : बियाण्याआधी हवामान पाहावे

दिवाळीनंतर रोपवाटिकांमध्ये आणि बियाण्यांच्या दुकानांमध्ये भाजीपाल्याच्या बियांची पाकिटे मांडली जातात. अलीकडच्या काळात त्यांत मेथी, पालक व कोथिंबिरीच्या जोडीला लेट्यूसचे पाकीटही हमखास दिसते. सॅलड आणि सँडविचच्या निमित्ताने ही पालेभाजी शहरी घरांत परिचयाची झाली असून, ती गच्चीवर किंवा परसात पिकवण्याची हौसही वाढली आहे. मात्र हा प्रयोग करणाऱ्या अनेकांच्या पदरी निराशा येते. काहींच्या कुंडीत बी रुजतच नाही. काहींची रोपे उंच, किडकिडीत होऊन कोलमडतात. काहींकडे पाने भरपूर येतात, परंतु ती इतकी कडू असतात की ताटात घेववत नाहीत.

अशा वेळी दोष बियाण्याला किंवा स्वतःच्या हातगुणाला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा चूक पेरणीच्या वेळेत झालेली असते. लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. त्याच्या रुजण्यापासून ते पानाच्या चवीपर्यंत जवळजवळ प्रत्येक गोष्ट तापमानावर अवलंबून असते. ही एक बाब ध्यानात घेतली, तर बाकीची निगा पालक किंवा माठ लावणाऱ्या कोणालाही सहज जमण्यासारखी आहे.

सूर्यफुलाच्या कुळातील भाजी

लेट्यूसचे शास्त्रीय नाव लॅक्टुका सटायव्हा असे आहे. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील ही वनस्पती होय. लॅटिन भाषेत 'लॅक' म्हणजे दूध. देठ मोडताच पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकामुळे तिला हे नाव मिळाले. प्राचीन इजिप्तमध्ये तिची लागवड होत असे व तेथील भित्तिचित्रांत तिच्या आकृती आढळतात. युनानी वैद्यकात वापरले जाणारे 'काहू'चे बी ते हेच. मराठीत तिला सालीट असेही म्हटले जाते.

घरगुती लागवडीच्या दृष्टीने लेट्यूसचे चार मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. गड्डा न धरता मोकळी पाने देणारा पानांचा प्रकार, मऊ पानांचा सैल गड्डा धरणारा बटरहेड, उभ्या लांबट पानांचा रोमेन आणि कोबीसारखा घट्ट गड्डा धरणारा आइसबर्ग. पेरणीपासून पानांचा प्रकार साधारण ४५ ते ५५ दिवसांत, बटरहेड ५५ ते ७० दिवसांत, रोमेन ६५ ते ७५ दिवसांत, तर आइसबर्ग ७५ ते ९० दिवसांत काढणीला येतो. जितका अवधी अधिक, तितकी थंडीही अधिक काळ टिकावी लागते. बाजारात आइसबर्ग सर्वाधिक दिसत असला तरी मैदानी प्रदेशातील नवशिक्याने त्याच्यापासून आरंभ करू नये, याचे कारण हेच आहे.

बी का रुजत नाही?

लेट्यूसचे बी अतिशय लहान असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ८०० ते १००० बिया भरतात. एवढ्याशा बियेत अन्नसाठा अत्यल्प असतो. ती खोल पुरली गेली, तर कोंब उजेडापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शिदोरी संपते. म्हणूनच या वनस्पतीच्या अनेक जातींच्या बियांनी उजेड 'ओळखण्याची' सोय करून ठेवली आहे. उजेडाची चाहूल लागली तरच त्या रुजतात.

या वैशिष्ट्यामुळे वनस्पतिशास्त्रातील एका महत्त्वाच्या शोधाला हातभार लागला. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करून १९५२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तांबड्या प्रकाशाचा झोत मिळाला की बिया रुजत आणि त्यानंतर लगेच अतिरक्त, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या काठावरील गडद तांबड्या प्रकाशाचा झोत दिला की रुजणे थांबे. हा क्रम कितीही वेळा केला, तरी अखेरचा झोत कोणता होता त्यावरच निकाल ठरे. वनस्पतींमध्ये प्रकाश जाणणारे एक रंगद्रव्य असले पाहिजे, असे यावरून अनुमान निघाले. पुढे त्याला 'फायटोक्रोम' हे नाव मिळाले.

बागकाम करणाऱ्यासाठी यातून मिळणारा धडा सोपा आहे. लेट्यूसचे बी पुरायचे नसते. ते ओलसर मातीवर पसरून तळहाताने हलके दाबावे आणि वर चाळलेल्या खताचा किंवा वाळूचा जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरचा थर द्यावा.

दुसरा अडथळा उष्णतेचा. जमिनीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असताना हे बी चार-सहा दिवसांत उत्तम रुजते. तापमान २५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की अनेक जातींचे रुजणे घटते आणि ३० अंशांच्या आसपास ते जवळजवळ थांबते. बी मेलेले नसते, ते निजलेले असते. मूळच्या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात अवेळी उगवून करपून जाण्यापेक्षा थंडीची वाट पाहणे त्याच्या हिताचे होते. मार्च महिन्यात कुंडीत पेरलेले बी उगवले नाही म्हणून दुकानदाराला दोष देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

हवा किंचित उबदार असताना पेरणी करावयाचीच असेल, तर दोन उपाय उपयोगी पडतात. बी ओल्या कापडात किंवा टिपकागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून दोन-तीन दिवस शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावे व मोड दिसू लागताच पेरावे. दुसरा उपाय म्हणजे सकाळऐवजी दुपार उतरताना पेरणी करून पाणी देणे. बी पाणी शोषून घेते त्यानंतरचे काही तास उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. ते तास अशा प्रकारे रात्रीच्या गारव्यात येतात.

कोणत्या प्रदेशात केव्हा पेरावे?

देशाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या वाचकांना एकच तारीख लागू पडणार नाही. बियांच्या पाकिटावरील 'वर्षभर लागवड' या शब्दांवर विसंबण्यापेक्षा आपल्या गावचा हिवाळा पाहावा.

दिल्ली, ग्वाल्हेर, जयपूर आणि उत्तरेकडील मैदानी भागांत ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य हा पेरणीचा उत्तम काळ होय. डिसेंबर-जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते, परंतु हलके दव किंवा सौम्य गारठा हे पीक सहन करते. दाट धुक्याच्या दिवसांत पाने सतत ओली राहू नयेत एवढी काळजी घ्यावी.

इंदूर व माळवा, वडोदरा, पुणे, नाशिक आणि दख्खनच्या पठारावर ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत पेरणी करता येते. नागपूर व विदर्भ तसेच हैदराबाद येथे नोव्हेंबर-डिसेंबर हे दोनच महिने भरवशाचे आहेत. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तेथे ऊन तापू लागते, त्यामुळे उशिरा पेरलेले पीक हाताशी येण्याच्या सुमारास कडू होते.

मुंबई, कोकण व गोव्यात किनाऱ्यावरील दमट उष्मा विचारात घ्यावा लागतो. तेथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या आरंभापर्यंतच पेरावे, पानांचाच प्रकार निवडावा आणि दुपारच्या उन्हापासून सावली द्यावी. चेन्नई, तंजावर यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यातही रात्री फारशा थंड होत नाहीत. तेथे गड्ड्याची अपेक्षा न ठेवता ३०-३५ दिवसांची कोवळी पाने खुडून घेणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

बेंगळुरू, बेळगाव अशा सौम्य हवेच्या शहरांत मार्च ते मे हा काळ वगळता पानांचे प्रकार बराच काळ घेता येतात. पावसाळ्यात मात्र वरून आच्छादन हवे. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागांत हे वेळापत्रक उलटे होते. तेथे फेब्रुवारी-मार्चपासून पेरणी करून उन्हाळ्यात पीक घेतले जाते. कुलू खोऱ्यातील कटराई येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र असून, थंड हवेच्या भाज्यांचे संशोधन व बीजोत्पादन हा त्याच्या कार्याचा भाग आहे.

दिनदर्शिकेपेक्षाही घरातील एक खूण अधिक विश्वासार्ह आहे. रात्री पंख्याची गरज भासेनाशी झाली आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटू लागले की लेट्यूसची वेळ झाली, असे समजावे.

जातीची निवड

पानांच्या प्रकारात 'ग्रँड रॅपिड्स', 'ब्लॅक सीडेड सिम्पसन', 'चायनीज यलो' तसेच तांबूस कुरळ्या पानांची 'लोलो रोस्सो' या जाती ओळखीच्या आहेत. बटरहेडमध्ये 'बटरक्रंच' आणि रोमेनमध्ये 'पॅरिस आयलंड' या जाती घरगुती बागांत लावल्या जातात. गड्ड्याच्या प्रकारात १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेली 'ग्रेट लेक्स' ही जुनी जात भारतातही रुळलेली आहे.

पाकीट घेताना त्यावरील वैधतेची तारीख अवश्य पाहावी. उष्ण व दमट हवेत या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. उरलेले बी हवाबंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवल्यास पुढील हंगामात उपयोगी येते.

माती, कुंडी आणि रोपे

लेट्यूसची मुळे उथळ असतात. १५ ते २० सेंटिमीटर खोलीची रुंद कुंडी किंवा पसरट क्रेट त्याला पुरतो, परंतु तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी भोके असणे आवश्यक आहे. बागेतील माती, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि नारळाचा भुसा समान भागांत मिसळल्यास हलके व ओल धरून ठेवणारे मिश्रण तयार होते. नारळाच्या भुशात क्षार असू शकतात आणि कोवळ्या लेट्यूसला ते मानवत नाहीत. म्हणून भुसा दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून, पिळून मग वापरावा. मातीचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा.

पसरट भांड्यात बी पेरून वर झारीने हलके पाणी द्यावे. रोपे उगवताच भांडे उजेडात आणणे महत्त्वाचे आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली रोपे उजेडाच्या शोधात लांबतात आणि मान टाकतात. दाटी झाल्यास विरळणी करावी. उपटलेली कोवळी रोपे धुऊन खाता येतात.

तीन ते चार आठवड्यांत रोपांना चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी पुनर्लागवड करावी. दोन रोपांत पानांच्या प्रकारासाठी १५ ते २० सेंटिमीटर, बटरहेड व रोमेनसाठी २० ते २५ सेंटिमीटर आणि गड्ड्याच्या प्रकारासाठी ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. रोप लावताना पाने जेथून फुटतात तो मधला भाग मातीखाली जाता कामा नये. तो दबल्यास रोप कुजते.

सकाळचे पाच-सहा तासांचे ऊन या पिकाला पुरेसे होते. एकाच दिवशी सर्व पाकीट पेरून टाकण्यापेक्षा दर १०-१५ दिवसांनी आठ-दहा रोपे होतील एवढेच बी पेरावे. असे केल्यास चार माणसांच्या घराला हंगामभर ताजी पाने मिळत राहतात आणि एखादी पेरणी बिघडली तरी सगळा हंगाम वाया जात नाही.

पाणी आणि खत

लेट्यूसच्या पानात सुमारे ९५ टक्के पाणी असते. त्यामुळे पाण्याचा नियमितपणा हा या लागवडीचा दुसरा आधारस्तंभ होय. मातीचा वरचा २ सेंटिमीटरचा थर सुकला की पाणी द्यावे, ते शक्यतो सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. भर दुपारी पाने मलूल दिसली तरी माती ओली असल्यास पाणी ओतू नये, सावली करावी. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ होतात.

एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल, अशी स्थिती झाल्यास आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळाल्यासारख्या दिसतात. हा रोग नव्हे. वेगाने वाढणाऱ्या आतील पानांपर्यंत कॅल्शियम वेळेवर न पोहोचल्याचा तो परिणाम असतो. अशा वेळी मातीत चुना टाकण्याची घाई करण्याऐवजी पाण्याचे वेळापत्रक सुधारावे.

खताच्या बाबतीत संयम हवा. पुनर्लागवडीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपाभोवती मूठभर गांडूळखत दिले तरी पुरते. नत्र अधिक झाल्यास पाने मऊ, लिबलिबीत होतात आणि माव्याला आमंत्रण मिळते.

येथे एका गोष्टीची विशेष नोंद घेतली पाहिजे. लेट्यूस कच्चे खाल्ले जाते. मेथी किंवा पालक शिजताना जे जंतू नष्ट होतात, ते येथे थेट ताटात येऊ शकतात. म्हणून ताजे शेण, शेणाची स्लरी किंवा जीवामृत या पिकाच्या पानांवर शिंपडू नये आणि न कुजलेले शेणखत मातीत मिसळू नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीच्या संपर्कात येतो, त्याच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस आधी कच्चे शेणखत जमिनीत मिसळलेले असावे लागते. पानांचे लेट्यूस तर ५५ दिवसांतच काढले जाते. याचा अर्थ त्याला पूर्ण कुजलेले खतच द्यावयास हवे. पाणीही स्वच्छ असावे. घरी लेट्यूस लावण्याचा खरा लाभ हाच आहे की, कच्च्या पानाला कोणते पाणी आणि कोणते खत मिळाले, हे खाणाऱ्याला ठाऊक असते.

कीड व रोग

माव्याचा उपद्रव हिवाळ्याच्या उत्तरार्धात दिसू लागतो. पानांची मागील बाजू दररोज पाहावी आणि मावा थोडा असतानाच पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढावा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्यास ती नागअळी समजावी व ते पान तोडून नष्ट करावे. गोगलगायी आणि शंखी रात्री पाने कुरतडतात. विजेरी घेऊन रात्री त्या वेचून काढणे हा घरगुती बागेतील सर्वांत सुरक्षित उपाय आहे. प्रादुर्भाव वाढलाच तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्यांचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, संध्याकाळी फवारावा. फवारणीनंतर काही दिवस त्या रोपाची पाने खुडू नयेत. आठवड्याभरात खाल्ल्या जाणाऱ्या पानावर रासायनिक कीटकनाशक वापरणे घरगुती बागेत टाळावेच.

रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडू लागली, तर पाणी अधिक आणि हवा कमी झाली असे समजावे. अशा वेळी पाणी कमी करून रोपे विरळ करावीत.

काढणी आणि कडवटपणा

पाने सकाळी खुडावीत, त्या वेळी ती पाण्याने भरलेली व कुरकुरीत असतात. पानांच्या प्रकारात बाहेरची पाने काढून मधला कोंब राखावा. त्यामुळे एकच रोप तीन-चार आठवडे पाने देते. जमिनीपासून २-३ सेंटिमीटर वर कापल्यासही रोप पुन्हा फुटते, मात्र दुसरा बहर थोडा लहान असतो. गड्डा हाताने दाबून घट्ट लागला की एकदाच कापून घ्यावा.

दिवस मोठे होऊ लागले आणि ऊन तापले की रोप पाने देणे थांबवून बी धरण्याच्या तयारीला लागते. मधला भाग उंच होतो, नवी पाने टोकदार येतात आणि देठातून चीक अधिक पाझरतो. या चिकात लॅक्टुसिन व तत्सम कडू द्रव्ये असतात आणि पानांना कडवटपणा येतो तो त्यांच्यामुळे. दांडा खुडला किंवा पाणी वाढवले तरी गेलेली गोडी परत येत नाही. ही चिन्हे दिसताच उरलेली पाने काढून घ्यावीत. थोडी कडवट पाने लसणाच्या फोडणीवर परतल्यास वाया जात नाहीत. एखादे चांगले रोप राखल्यास त्याला लहान पिवळी फुले येतात. लेट्यूसमध्ये बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने, संकरित नसलेल्या जातीचे बी घरीच धरता येते. बियांवर पांढरे तुरे दिसू लागले की ते वाऱ्याने उडून जाण्यापूर्वी गोळा करावे.

ताटात घेण्यापूर्वी

पाने सुटी करून पिण्यायोग्य वाहत्या पाण्याखाली एकेक धुवावीत. धुण्याने जंतू कमी होतात, पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. त्यामुळे गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कच्च्या पाल्याबाबत अधिक दक्षता घ्यावी. गडद रंगाच्या पानांत 'क' नव्हे, तर मुख्यतः 'के' आणि 'अ' ही जीवनसत्त्वे उपलब्ध होतात व त्यांचे प्रमाण फिकट आइसबर्गपेक्षा अधिक असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी आहारातील पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

धुतलेली पाने कोरडी करून, स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्यास शीतकपाटात काही दिवस टिकतात. सफरचंद किंवा केळी शेजारी ठेवू नयेत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानांवर तपकिरी ठिपके पडतात. कोशिंबिरीत मीठ आणि लिंबू अगदी वाढण्याच्या वेळी घालावे, अन्यथा पाने पाणी सोडून लगेच मऊ पडतात.

पहिल्याच हंगामात आइसबर्गचा घट्ट गड्डा मिळाला नाही, तर खेद मानण्याचे कारण नाही. एक पसरट कुंडी, पानांच्या प्रकारातील एखादी जात आणि आपल्या गावच्या थंडीचे आठ आठवडे एवढ्या सामग्रीवर आरंभ करावा. पेरणीची तारीख, उगवणीचा दिवस आणि पाने कडू होऊ लागल्याचा दिवस वहीत टिपून ठेवावा. पुढील वर्षी पाकिटावरील सूचनांपेक्षा ही नोंदच अधिक उपयोगी पडेल.